पोटमाळ्याची शिडी आणि ‘व्हय म्हाराजा’

मित्रांनो, जरा सांभाळून टेका. मी लालबागच्या एका चाळीतली, पोटमाळ्यावर चढायची शिडी आहे. जुनी आहे, करकरते, आणि एकदा बोलायला लागले की थांबत नाही. अख्खा जन्म घरच्यांच्या पायाखाली गेला, मग तोंड तरी चालवू नको का?

धोंडूआजोबांनी मला घडवलं. ते गिरणीत सुतार होते. खोली एवढीशी आणि माणसं फार, म्हणून त्यांनी छताखाली फळ्या ठोकून माळा केला आणि वर जायला मला सागवानातून उभं केलं. "शंभर वर्सां हिका काय होवचा नाय," असं म्हणाले होते. दर गणपतीत ते माझ्या पायथ्याशी उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. तुमच्यापैकी कोकणातल्यांना हे सांगायला नको; बाकीच्यांनी ऐका. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. त्या आवाजाने माझ्या पायऱ्या थरथरायच्या. मला फार आवडायचं ते.

आजोबा गेले आणि माझी आबाळ सुरू झाली. वरून तिसरी पायरी सैल झाली. आजोबांची सून दर्शना नवऱ्याच्या मागे लागायची, "अहो, ती पायरी ठोका, कोणीतरी पडेल." हितेंद्र म्हणायचा, "रविवारी ठोकतो." रविवार आले नि गेले. वर आणि अॅल्युमिनियमची घडीची शिडी आणायच्या गप्पा! मला राग यायचा. का नाही येणार?

मग ती साथ आली. दर्शना परळच्या एका इस्पितळात नर्स. पहिल्या लाटेत देवाने राखलं. दुसऱ्या लाटेत ती ताप घेऊनच घरी आली. तपासणीत कोरोना निघाला. सगळीकडे खाटा भरलेल्या. आजार सौम्य आहे, घरीच वेगळं राहा, असं तिला सांगण्यात आलं. एका खोलीत वेगळं कसलं राहणार, कप्पाळ! शेवटी पोटमाळा तिला दिला. शेजाऱ्यांनी मजल्यावरचं टोकाचं शौचालय तिच्यासाठी सोडलं. ती खाली उतरली की मुलं गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जायची.

हितेंद्रने माझ्या पहिल्या पायरीला लाल ओढणी बांधली. मुलांना बजावलं, "ही ओलांडायची नाही. हात पण लावायचा नाही." अक्षदा आठ वर्षांची, तिला कळलं. निनाद चार वर्षांचा. तो लांब उभा राहून रडायचा, "आई, खाली ये ना गं." वर दर्शना तोंडावर उशी धरून रडायची. दोघांचं रडणं मला एकाच वेळी ऐकू यायचं आणि माझा जीव तुटायचा. उभ्या जन्मात मला पॉलिश मिळालं नव्हतं, आता रोज सॅनिटायझर मिळत होता.

यातून वाट काढली ती अक्षदाने. एका संध्याकाळी ती ओढणीपाशी उभी राहिली. "आई, आजोबांचं गाऱ्हाणं खेळूया? मी बोलते, तू वरून ओरडायचं. पूर्ण ओरडायचं हां, नाहीतर आऊट!"

आणि हात जोडून तिने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! बाबांनी केलेली भाकरी चामड्यासारखी झाली हा, ती उद्या मऊ होऊंदे रे म्हाराजा!"

वरून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

"निनाद माझी रंगपेटी चोरता, त्येका अक्कल येऊंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" निनादही ओरडला. आपल्यालाच बोलतायत हे त्या येड्याला कळलंच नाही. सगळे हसले. मुखपट्टीआड हितेंद्रसुद्धा हसला. त्यानंतर रोज दिवेलागणीला हा खेळ होऊ लागला. घरात भीती होती, तरी त्या वेळेची मुलं वाट बघायची. मीसुद्धा बघायचे.

मग एका संध्याकाळी अक्षदा म्हणाली, "बा देवा म्हाराजा, आईक बरा करून खाली येऊंदे रे म्हाराजा!"

वरून आलं, "व्हय..."

पुढे काहीच नाही.

"आई आऊट! आई आऊट!" निनाद नाचायला लागला. अक्षदा मात्र हलली नाही. तिने वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा नुसतंच "व्हय".

"बाबा, आई ‘म्हाराजा’ बोललीच नाय."

"दमली असेल गं. आता फोनवर बोललीय, बरी आहे म्हणून."

"नाय बाबा! तिला दम पुरला नाय. तुम्ही वर जा ना. आत्ता जा!"

पोरगी रडकुंडीला आली तेव्हा हितेंद्र चढला. दर्शनाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा नव्वदच्याही खाली. सकाळी ठीक होती हो! मुलं घाबरतील म्हणून ती दुपारपासून "बरी आहे, बरी आहे" करत होती. मग फोनावर फोन झाले. अखेर तिच्याच इस्पितळात एक खाट मिळाली, रुग्णवाहिका चाळीखाली आली.

आता तिला उतरवायचं माझ्यावरून. खाली हितेंद्र, वर दर्शना, आणि मध्ये माझी ती सैल पायरी. तिने पाय ठेवला. पायरी कर्रकन वाजली, खिळा अर्धा बाहेर आला. मी मनात म्हटलं, धोंडूआजोबा, तुमच्या सुनेला सांभाळा! पायरी वाकली, पण निखळली नाही. दर्शना खाली पोहोचली. मुलांकडे बघायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

पुढचे दिवस पोटमाळा रिकामा होता. तरी रोज संध्याकाळी अक्षदा माझ्यापाशी येऊन गाऱ्हाणं घालायची आणि हितेंद्र कसाबसा "व्हय म्हाराजा" म्हणायचा. निनाद विचारायचा, "आई अजून आऊट आहे?"

एका संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. दर्शनाच्या तिथल्याच नर्स मैत्रिणीने तिच्या तोंडाशी फोन धरला होता. अक्षदाने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आमच्या आईक घरी आण रे म्हाराजा!"

नुसता श्वासाचा आवाज. मग, "व्हय..."

आम्ही सगळे थांबलो.

"...म्हाराजा."

हितेंद्र माझ्या पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी त्याने हातोडी काढली. वार कुठला होता ते त्याने बघितलं नाही.

मित्रांनो, दर्शना घरी आली, त्याला आता काही वर्षं झाली. मला नवे खिळे आहेत, पॉलिशही आहे. करकरणाऱ्या वस्तूची वेळीच दखल घ्या. आणि माणसाने "बरी आहे" म्हटलं, तरी त्याचा आवाज नीट ऐका.

अक्षदा आता मोठी झालीय. पण दर्शना लोणच्याची बरणी काढायला जरी वर चढली, तरी ही खालून ओरडते, "बा देवा म्हाराजा!" आणि वरून "म्हाराजा" पूर्ण ऐकू येईपर्यंत माझ्या पायथ्यापासून हलत नाही.