निळी टाकी

मार्चमधल्या सहलीची आखणी दर वर्षी व्हर्नाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच व्हायची. रेक्सला तिच्या हातचे बीन्स आवडायचे, आणि रेक्सची बायको शार्लीन हिला आपल्या घरी चार माणसांची भांडी पडलेली आवडायची नाहीत. फेब्रुवारी संपत आला की रविवारी दुपारी दोघं किंगमन गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायची, रेक्स टोपी न काढताच खुर्ची ओढून बसायचा आणि टेबलावर नकाशा पसरायचा. सोलेदाद तलावाला वीस वर्षं तीच मंडळी त्याच रस्त्यानं जात होती. नकाशाची गरज कुणालाच नव्हती, पण रेक्सला नकाशावर बोट ठेवून बोलायला आवडायचं.

रेक्स हा व्हर्नाच्या नवऱ्याचा, ड्वाइटचा थोरला भाऊ. घरांना एसी बसवायचा त्याचा धंदा होता आणि ड्वाइटनं उभा जन्म त्याच्या हाताखाली काढला होता. धंदा विकून दोघंही मोकळे झाले, तरी रेक्स बोलायचा आणि ड्वाइट मान डोलवायचा हा रिवाज काही सुटला नव्हता. रेक्सची आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बसएवढी लांब, आत दोन टीव्ही, न्हाणीघर आणि शार्लीनच्या चपलांसाठी वेगळं कपाट. ड्वाइटची त्याच्या निम्मी, जुनी, अंगणात लिंबाच्या झाडाखाली उभी. तिच्यातही छोटा संडास होता, खाली मैल्याची टाकी होती, आणि व्हर्नानं शिवलेले पिवळे पडदे होते.

त्या रविवारी बोलणं नेहमीच्याच वाटेनं चाललं होतं. पाण्याची पिंपं कुणी घ्यायची, बार्बेक्यूचं मांस कुठून आणायचं, वाळूत गाडी रुतली तर फळ्या आहेत का. तलावाचं पाणी यंदा आणखी खाली गेलं होतं, त्यामुळे होडी उतरवायला कुठून जायचं यावर रेक्स बराच वेळ बोलला. व्हर्ना बीन्स वाढत होती. शार्लीननं तक्रार केली, की सगळं ठीक आहे, पण टाकी रिकामी करायच्या जागी दर वेळी जी रांग लागते तिचा तिला वीट आलाय. तलावाकाठच्या तळावर, जिथे या सगळ्या गाड्या मुक्कामाला असायच्या, तशी एकच जागा होती. एकेक गाडी तिथे जाऊन मैला ओतायची, पाइप धुवायची, मग पुढची. रविवारी सकाळी दोन-दोन तास जायचे.

"रांगेत कोण मरायला जातंय?" रेक्स पावानं ताट पुसत म्हणाला. "निळी टाकी आहे ना. गेल्या वर्षीसारखं करू."

निळी टाकी म्हणजे चाकं लावलेलं प्लास्टिकचं पिंप. आरव्हीतला मैला त्यात घ्यायचा आणि पिकअपच्या मागे बांधून सावकाश त्या जागेपर्यंत न्यायचा, म्हणजे एवढी मोठी गाडी तळावरून हलवावी लागत नाही. व्हर्ना सहज म्हणाली, की टाकी नेली तरी रांग चुकत नाही. रेक्स हसला. त्यानं ड्वाइटच्या पाठीवर थाप मारली. ड्वाइट ताटात बघत राहिला.

"हिला सांगितलं नाहीस होय रे धाकट्या? अगं, रांगेपर्यंत गेलोच कुठे आम्ही? बाभळींच्या मागे तो कोरडा ओढा नाही का, त्यात ओतून मोकळे झालो. पाच मिनिटांचं काम."

व्हर्नाच्या हातात पळी होती. ती तिनं पातेल्यात परत ठेवली.

गेल्या वर्षीचा तो ओढा तिला चांगला आठवत होता. ओढ्याच्या काठाला एक जुनी शाळेची बस उभी होती, खिडक्यांना चादरी लावलेली, आणि तिच्यात एक तरुण जोडपं दोन लेकरांसह राहत होतं. बाईचं नाव डार्सी. पहिल्याच दिवशी ती खजूर घातलेला पाव घेऊन आली होती, धुतलेल्या फडक्यात बांधून. घरचाच आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला आणि सगळ्या तळावर असा वास पसरला की लोक न्याहारी टाकून उठले. ओढ्यात घाण पडली होती. बसवाल्यांची लेकरं त्याच वाळूत खेळत होती, त्यांच्या पायांना ती लागली होती. तासाभरात बसभोवती जमाव जमला. सगळ्यांत पुढे रेक्स होता. डुकरांनासुद्धा राहायची जागा कळते, असं तो त्या तरुणाच्या तोंडावर म्हणाला होता. ड्वाइट त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता. डार्सी एवढंच म्हणत होती, की आम्ही नाही केलं. कुणी ऐकलं नाही. दुपारपर्यंत बस निघून गेली.

आणि व्हर्नानं काय केलं होतं? तिनं तो पाव न चाखता कचऱ्यात टाकला होता. फडकं दोन बोटांत धरून परत द्यायला गेली होती आणि डार्सीच्या हातात न देता बसच्या पायरीवर ठेवून आली होती. वर हातही धुतले होते.

आता तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तू होतास?"

"मी नुसतं झाकण धरलं होतं," ड्वाइट म्हणाला.

"आणि नंतर त्या माणसासमोर उभा राहिलास."

रेक्सनं खुर्ची मागे घेतली. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की वाळवंट आहे ते, दोन दिवसांत सगळं वाळून माती होतं. कोल्हे-बिल्हे तेच करतात. व्हर्ना म्हणाली, की तिथे लेकरं खेळत होती. त्यावर तो म्हणाला, की तसली माणसं कुठेही राहतात, त्यांच्या लेकरांना काही होत नाही. शार्लीन टिश्यूनं ओठ टिपत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

व्हर्नानं कुणाचंही जेवण पुरं व्हायच्या आत ताटं उचलली. रेक्सच्या हातात पावाचा तुकडा तसाच राहिला.

व्हर्ना काही नाजूक पोटाची बाई नव्हती. तीस वर्षं तिनं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढली होती. रक्तानं, पुवानं, ओकाऱ्यांनी भरलेल्या चादरी तिनं हातानं वेगळ्या केल्या होत्या आणि जेवणाच्या सुटीत त्याच हातांनी, धुऊन, सँडविच खाल्लं होतं. आजारी माणसाच्या घाणीची तिला कधी किळस वाटली नव्हती. त्या दुपारी मात्र रेक्सचं ताट विसळताना, त्यानं पुसून स्वच्छ केलेल्या त्या ताटाकडे बघून, तिला किळस आली. तिनं ते पुन्हा साबणानं घासलं. बाहेर अंगणात रेक्स टायरची हवा बघत होता आणि त्याच्या हसण्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी ती ड्वाइटकडे पाठ करून भांडी धूत राहिली. त्यानं टीव्ही लावला, बंद केला, मग न विचारता भांडी पुसायला आला. त्याचे हात तिला दिसत होते, रुंद, केसाळ, अंगठ्यावर जुना व्रण असलेले. याच हातांनी त्यानं झाकण धरलं, आणि त्याच दिवशी तिच्यासाठी कॉफीही करून आणली होती. तिनं त्याच्या हातून फडकं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तळाच्या ऑफिसला फोन लावला. तिथलं सगळं ओफेलिया नावाची बाई बघायची. वयानं मोठी, बोलायला गोड, दर वर्षी व्हर्नाकडून बीन्सचा डबा घेणारी. व्हर्नानं ठरवून ठेवलं होतं तसं सरळ सांगून टाकलं, की गेल्या वर्षी ओढ्यात घाण आमच्या माणसांनी केली होती, बसवाल्यांनी नाही, त्यांचा काही पत्ता असेल तर द्या. पलीकडून सुस्कारा तरी येईल, निदान राग तरी येईल, अशी तिची अपेक्षा होती.

"अहो, ठाऊक आहे मला," ओफेलिया म्हणाली. "त्या बसमध्ये संडासच नव्हता. ती मंडळी तळावरचेच संडास वापरायची. किल्ली मीच दिली होती त्यांना."

व्हर्नाला आधी कळेचना. मग तिनं विचारलं, की मग तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?

ओफेलिया जराही ओशाळली नाही. ती म्हणाली, की तुमचे थोरले दीर वीस वर्षं येतात, बरोबर चार-पाच गाड्या आणतात, तीन-तीन आठवडे राहतात. बसवाले दोन दिवसांचे. मालकाला उत्तर तिला द्यावं लागतं. आणि तसंही, ती म्हणाली, बऱ्याच जणांना अंदाज होता. निळी टाकी भरून गेली आणि पाच मिनिटांत रिकामी परत आली, हे काय लोकांना दिसत नाही? पत्ता वगैरे तिच्याकडे नव्हता. तसल्या लोकांना कसला आलाय पत्ता.

"ते जाऊ द्या आता," ती म्हणाली. "यंदा तुमची नेहमीचीच जागा ठेवू ना, बाभळीखालची?"

व्हर्नानं फोन ठेवला. खुर्चीत बसली तर खुर्चीसुद्धा तिला चिकट वाटली. त्या सकाळी तिथे जमलेले चेहरे तिला एकेक करून आठवू लागले. नाकाला रुमाल लावलेल्या बायका, मान हलवणारे म्हातारे, बस निघाल्यावर ज्यांनी सुटकेचा श्वास सोडला ते सगळे. यातल्या कितींना माहीत होतं? आणि तिला स्वतःला? टाकी किती लवकर परत आली हे तिनंही पाहिलं असणार. ती तिथेच खुर्ची टाकून बसली होती. पाहिलं होतं की नव्हतं, हे तिला आता काही केल्या आठवेना, आणि आठवत नाही याचीच तिला सगळ्यांत जास्त शिसारी आली.

ड्वाइट जेवायला आला तेव्हा तिनं फोनवरचं बोलणं त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचे खांदे सैल झाले. कितीतरी दिवसांचं ओझं कुणी उतरवून ठेवावं तसा तो खुर्चीत टेकला.

"मग झालं की," तो म्हणाला. "सगळ्यांनाच ठाऊक होतं म्हणजे. मी उगाच वर्षभर मनाला लावून घेतलं."

दुपारी ती आरव्हीत चढली. आपल्या चादरी, उशा, बिडाचा तवा, पिवळे पडदे, सगळं काढून तिनं घरात आणलं. ड्वाइट पायरीशी उभा राहून बघत होता. तू येणार नाहीस का, असं त्यानं दोनदा विचारलं. ती नाही म्हणाली. मग मीही राहतो, असं तो म्हणेल म्हणून ती पडद्यांच्या घड्या जरा सावकाश घालत राहिली. तो म्हणाला नाही.

निघायच्या दिवशी रेक्सची अजस्र गाडी दाराशी येऊन थांबली. त्यानं खाली उतरायची तसदी घेतली नाही, भोंगा वाजवला. शार्लीन तेवढी आत आली. तिनं स्वयंपाकघरभर नजर फिरवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की पुरुषांच्या असल्या गोष्टींत आपण नाक खुपसू नये, वीस वर्षांची सहल असल्या कारणानं मोडू नये. व्हर्ना कांदे चिरत होती. तिनं मान वर केली नाही. शार्लीन थोडी घुटमळली.

"बीन्स तरी केलेस का?" तिनं विचारलं.

"नाही," व्हर्ना म्हणाली.

दोन्ही गाड्या गेल्या. पुढचे काही दिवस व्हर्नानं घर धुतलं. ओट्याखालचे कप्पे, बाथरूमच्या टाइल्सच्या फटी, टेबलाचे पाय. इंटरनेटवर तिनं बसवाल्यांचा शोध घ्यायचा प्रयत्न केला, पण नुसत्या डार्सी या नावावर काय सापडणार? एकदा गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावर तशीच एक बस दिसली म्हणून ती गाडी वळवून गेली. त्यात कुठल्याशा चर्चची मुलं होती.

ड्वाइट ठरल्यापेक्षा बरेच दिवस आधी, एकटाच परत आला. भर दुपारी आरव्ही लिंबाखाली लागली. तो आत आला, बेसिनशी जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि तिच्याकडे वळून उभा राहिला. उन्हानं त्याची मान लाल झाली होती.

रेक्सनं परत तेच केलं, तो म्हणाला. त्याच ओढ्यात. यंदा काठाला कुणी नव्हतं, पण खालच्या अंगाला दोन तंबू होते. "मी हात लावला नाही. झाकण धर म्हणाला, धरलं नाही. लांब जाऊन उभा राहिलो."

"काय म्हणालास त्याला?"

"काय म्हणणार? भाऊ आहे."

"आणि तंबूवाल्यांना?"

त्याच्या हातांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. काहीतरी मोठं काम करून आल्यासारखा तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि ती आता टॉवेल पुढे करेल, बैस म्हणेल, याची वाट बघत होता. व्हर्नाला दिसलं, की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भावाला नाही म्हणाला होता आणि तेवढ्यानं त्याचं भागलं होतं. तिला त्याची कीवही आली. पण त्या किवेखाली ती किळस जशीच्या तशी होती.

तिनं त्याला ताट वाढलं. समोर मात्र बसली नाही.

"गाडीची टाकी रिकामी केलीस?" तिनं विचारलं.

तो अडखळला. घाईत निघालो, राहिलं, म्हणाला.

"मग आधी ती ओतून ये. जिथे ओतायची तिथे. मग जेव."

ड्वाइटनं ताटाकडे पाहिलं. गावाजवळ टाकी रिकामी करायची जागा हायवेवर आहे आणि तिथे आज, शनिवारी, तीन तासांची रांग असते, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. शेवटी त्यानं किल्ली उचलली. आरव्ही मागे घेताना ती लिंबाच्या फांद्यांना घासली. व्हर्नानं ताटावर झाकण ठेवलं नाही, ओट्यावर हलवलंही नाही. ती खिडकीशी गेली आणि गाडी हायवेच्या बाजूला वळते का ते बघत उभी राहिली.