औषधाची वाटी

शेळ्यांचा व्यापारी दावं सोडायला वाकला आणि माझा धाकटा त्याच्या हाताला चावला. धाकटा सहा वर्षांचा. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळं व्यापाऱ्याला फारसं लागलं नाही.

"अहो, पोराला आवरा," व्यापारी म्हणाला.

"आधी बैठक," धाकटा म्हणाला. "बैठक न घेता शेळी विकायची नसते."

व्यापाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी शेळीकडं पाहिलं.

विहिरीवरची मोटार जळली होती. मोटारवाल्यानं वायंडिंगचे सव्वीसशे सांगितले होते, तेही रोख. वांग्यांनी माना टाकल्या होत्या, पाण्याविना अजून चार दिवस काही तगत नव्हती. विकण्यासारखं घरात दुसरं काही नव्हतं. शेळी बायकोनं आणलेली. बायको जाऊन सात महिने झाले. शेळी मला शिंगं दाखवते, पोरांना दूध देते.

बैठक ही बायकोचीच. दर बाजाराच्या दिवशी वांगी विकून आलेला पैसा ती पोरांपुढं ठेवायची. घेवड्याची एक बी म्हणजे पन्नास. भुईवर सात वाट्या मांडायच्या: पीठ, तेल, शाळा, बियाणं, शेळी, माझी तंबाखू आणि तिचं औषध. पोरांनी बिया वाटायच्या, मग तेवढे पैसे ज्याच्या त्याच्या डब्यात. शेजारची काकू म्हणायची, "एवढ्याशा जिवांना कशाला गं घोर?" ही म्हणायची, "घोर माझा मी करते. त्यांनी नुसत्या बिया मोजायच्या."

पोरांनी बाजारात कधी हट्ट केला नाही. हट्ट मी करायचो, तंबाखूच्या एका बीच्या दोन करा म्हणून. ही म्हणायची, "पुढच्या आठवड्यात बघू."

शहरातल्या मोठ्या डॉक्टरला दाखवू, असं मी तिला म्हणालो, तेव्हाही ती वाट्यांकडं बघून हेच म्हणाली. तीनदा म्हणाली. चौथ्यांदा विचारायचं राहिलं.

ती गेल्यावर मी बैठकीला बसलो नाही. पैसे थोरलीच्या हातात द्यायचे आणि गोठ्यात जायचं. थोरली नऊ वर्षांची. ती म्हणेल तेवढी तंबाखू घ्यायची.

आता बसलो. व्यापारीही बसला, त्याला उन्हात उभं राहून कंटाळा आला होता. थोरलीनं वाट्या मांडल्या. मी मोजल्या. सात.

"ही सातवी कशाची?"

"आईच्या औषधाची."

"तिच्यात अजून बिया घालता?"

"दर बाजाराला दोन," थोरली म्हणाली. "आईनं ठरवलंय."

"अगं, पण आता..."

"वाटी उचलायची तर बैठकीत ठरवावं लागतं, बाबा. तुम्ही बसतच नाही."

व्यापाऱ्यानं घसा खाकरला.

थोरलीनं फळीवरून औषधाचा डबा काढला. त्या डब्याला मी सात महिने हात लावला नव्हता. तिनं नोटा भुईवर ठेवून दोनदा मोजल्या. तीन हजार भरले.

"तीस बाजार झाले," ती म्हणाली.

व्यापाऱ्यानं बोटांवर हिशेब करून पाहिला. "बरोबर आहे पोरीचं," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "आणि तुमच्या तंबाखूला किती हो?"

"एक," धाकटा म्हणाला.

व्यापारी हसला, अर्धवट सोडलेलं दावं परत खुंट्याला बांधलं आणि निघाला. जाताना धाकट्याला म्हणाला, "दात आले की सांग रे. तेव्हा येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मोटार दुरुस्तीला गेली, तिसऱ्या दिवशी परत विहिरीवर बसवली. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं. दोन सऱ्या गेल्या, बाकीच्या उभ्या राहिल्या.

पुढच्या बाजारी मी न बोलावता बैठकीला बसलो. थोरली म्हणाली, "आता ही वाटी उचलू का?"

"उचल," धाकटा म्हणाला. "त्या दोन बिया बाबांना तंबाखूला देऊ. आज ते बसलेत."

सात महिन्यांत माझ्या बाजूनं कुणी बोललं ते हेच. मी वाटीकडं पाहिलं. मग पोरांकडं पाहिलं. धाकटा नाक ओढत होता.

"वाटी राहू दे," मी म्हणालो. "दोन बियाही राहू देत. घरात कुणालाही औषध लागेल. आणि लागलं तर त्याच दिवशी डबा उघडायचा, बैठकीची वाट बघायची नाही."

"मग तंबाखू?" धाकट्यानं विचारलं.

"तंबाखूचं पुढच्या आठवड्यात बघू."

थोरलीनं एकदम वर पाहिलं. मग ती पुन्हा बिया वाटायला लागली.

तेवढ्यात शेळीनं दारातून मान आत घातली आणि तंबाखूच्या वाटीतली एकुलती एक बी खाल्ली. थोरलीनं रिकामी वाटी पाहिली, तंबाखूच्या डब्यात काही न टाकता झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला.