कौसाच्या ताटावरची सावली

"निघाली! कावीळ निघाली गं बया!"

परातीतलं पाणी हळदीसारखं झालं आणि भागूबाईच्या अंगणात जमलेली वस्ती एका तोंडानं ओरडली. तिसगावच्या बाजारातून माणसं सामानासकट इकडं वळली होती. ओट्यावर हळदीबाबा, पुढ्यात पितळी परात. परातीतल्या पाण्यात भागूबाईच्या सुनेचे, सात महिन्यांच्या पोटुशा कौसाचे हात. जोंधळ्याच्या पिठागत पांढरे. बाबानं आधी त्यांवर आपले ओले तळवे चोळले होते, काहीबाही पुटपुटला होता.

"इहिरीतल्या आसरांनी, पान्यातल्या देवतांनी धरलंय पोरीला," बाबा गरजला. "एकवीस दिस निस्ती भाताची पेज. भाजी न्हाई, शेंगदाना न्हाई, नर्सबाईची गोळी तर न्हाईच न्हाई. तवर म्या हितंच ऱ्हानार, घरातलं दूध-तूप आसरांच्या नावानं मला. म्या खाल्लं का त्यांला पोचतं."

"आसरांला तूप लई पचतंया," शेजारची रंगुबाई पदराआड म्हणाली.

नर्सबाई प्रज्ञा पुढं झाली. "मावशी, ही कावीळ नाही अन् आसराही नाहीत. हिच्या अंगात रक्त कमी आहे. हिला पोटभर खाऊ घाला."

"पिवळं पानी समद्या वस्तीनं पाह्यलं," भागूबाई म्हणाली. "तुजं रक्त कुनी पाह्यलं, बाई?"

प्रज्ञाजवळ होता फक्त एक कॅमेरा. घरात कोण काय खातं त्याचे फोटो बायकांनीच काढायचे, मग एकत्र बसून ते बघायचे, असं तिनं ठरवलं होतं. पाळीपाळीनं कॅमेरा घरोघर फिरायचा. तो आठवडा कौसाचा होता. वस्तीची रीत अशी, की सुनेनं सगळ्यांमागून, चुलीकडं तोंड करून जेवायचं. तिचं ताट कुणाच्या नजरेला पडतच नसे.

अठराव्या दिवशी कौसा अवेळी बाळंत झाली. रक्त थांबेना. जीप येईस्तोवर ती गेली. मूल रडलंच नाही.

"एकवीस भरू दिले न्हाईत," बाबा म्हणाला.

तेराव्याला भागूबाईची लेक चंद्रकला माहेरी आली. तिलाही पाचवा महिना. बाबानं तिचा हात धरला. "आसरा आता हिच्यावर आल्यात. परात आना!"

तेवढ्यात प्रज्ञा आली. नगरहून धुऊन आलेले फोटो तिनं आणलेल्या कोरड्या परातीतच मांडले. पहिल्यात बाबाचं ताट होतं, तुपानं थबथबलेलं. ताटामागं उघडी झोळी. झोळीबाहेर वाटीत भिजत घातलेली आंब्याच्या झाडाची साल आणि शेजारी चुन्याचा डबा. कौसानं फोटो ताटाचा काढला होता. बाकीचं आपसूक आलं.

प्रज्ञानं बांधावरच्या आंब्याची साल कुटून पाण्यात भिजवली. रंगुबाईच्या चंचीतला चुना दुसऱ्या पाण्यात कालवला, फोटो उचलून ओट्यावर ठेवले आणि वरची निवळी परातीत ओतली. सालीचं पाणी स्वतःच्या हातांना चोळलं आणि हात बुडवले. पिवळं! मग भागूबाईचे हात. पिवळं!

"आता सांगा, आपल्या दोघींनाही आसरांनी धरलं का?"

बाबा उठला. रंगुबाईनं झोळी घट्ट धरली. "थांबा की म्हाराज, आसरांचं जेवान ऱ्हायलंय!" झोळी तिच्या हातात सोडून तो पळाला. हसलं मात्र कुणी नाही.

भागूबाई उरलेले फोटो बघत होती. ताट, पेज. ताट, पेज. एकात नुसतंच ताट. प्रत्येकावर, पाठीमागून दारातल्या उजेडानं पडलेली, पदर घेतलेली एक सावली.

"ह्यात कौसा कुटं हाय गं?"

"फोटो तीच काढत होती, मावशी. ही सावली तिची."

म्हातारी भुईवर बसली आणि सूर धरून रडू लागली:

"लेक माजी कौसा गं, चुलीच्या आडोशात,
सावली जेवली बाई, रिकाम्या ताटात."

मग डोळे पुसून तिनं चूल पेटवली. पहिली भाकरी, वर मेथीची भाजी, चंद्रकलेला वाढली. तिचं तोंड चुलीकडून दाराकडं फिरवलं आणि ती संपेस्तोवर समोर बसून राहिली.

वाचणाऱ्यांनो, पिवळं पाणी सगळ्या वस्तीनं पाहिलं. पांढरं ताट कुणीच पाहिलं नाही. पुन्हा कुणी परात मांडली तर आधी विचारा, हाताला काय चोळलंस? आणि परात असो-नसो, घरातल्या सुनेचं ताट रोज बघा. त्याला कॅमेरा लागत नाही.