ऑफ म्हणजे काय ऑफ

"ऑफ का गं?" थोरलीनं इस्त्रीच्या रुळाच्या त्या टोकाकडून ओरडून विचारलं.

"हो, ऑफ!" धाकटीनं तितक्याच जोरात उत्तर दिलं, आणि वर हसलीसुद्धा.

तिला वाटलं, थोरली उद्याच्या सुट्टीचं विचारतेय. सकाळपासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. सुपरवायझर बाई इतके दिवस नन्नाचा पाढा वाचत होत्या, आणि आज कधी नव्हे ते 'जा बाई' म्हणाल्या होत्या. कधी एकदा थोरलीला सांगते असं तिला झालं होतं.

थोरली मात्र मशीनचं विचारत होती. हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या लाँड्रीत ओल्या चादरी तापलेल्या रुळाखालून जात आणि कडक इस्त्री होऊन दुसऱ्या बाजूला येत. थोरली चादरी आत सोडायची, धाकटी पलीकडे ओढून घ्यायची. बटण धाकटीच्या बाजूला होतं. त्या क्षणी एक चादर आत गोळा होऊन अडकली होती आणि रूळ थांबल्यासारखा दिसत होता. थांबला नव्हता, नुसता अडला होता. 'ऑफ' ऐकून थोरलीनं हात घातला, चादर ओढली. गाठ सुटली, आणि रूळ फिरला.

धाकटीनं बटणावर झेप घेतली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सख्ख्या जावा दोघी. सख्ख्या बहिणींचंही इतकं जमत नाही, असं गल्लीत म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. थोरलीनंच तिला हाताला धरून लाँड्रीत आणलं, बायांना सांगितलं, "माझी आहे, जरा सांभाळून घ्या." चादरीवरचा कुठला डाग कशानं जातो, सुपरवायझर बाईंना कधी तोंड द्यायचं नि कधी कानावर हात ठेवायचे, सगळं तिनंच शिकवलं.

सुपरवायझर बाईंनी थोरलीच्या नवऱ्याला फोन केला. तो पाव-बिस्किटांच्या भट्टीवर कामाला. तिथल्या गोंगाटात आणि बाईंच्या घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, 'लगेच या, मशीन ऑफ केलीय, वहिनींना वर नेलंय,' यातलं त्याला 'वहिनी' आणि 'ऑफ' एवढंच ऐकू आलं. तो कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या हातांनी धावत आला आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर धाकटीला पाहताच भिंतीला धरून खालीच बसला.

"कधी गेली?" त्यानं विचारलं.

"नाही हो भावोजी! आहेत, आहेत ताई. हात सापडलाय फक्त. उजवा."

"आहे?"

"आहेत."

मग तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. "हातच ना? अगं, मला वाटलं, ऑफ झाली. गेली म्हटलं सगळी सोडून." त्यानं धाकटीचे दोन्ही हात धरले. तिच्या मनगटांवर पीठ लागलं. "तू होतीस म्हणून वाचली. तू बटण दाबलंस म्हणून."

धाकटीला 'नाही' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात नर्स आली, चार बोटं काढावी लागली म्हणाली, अंगठा तेवढा राहिला. बोलायचं राहूनच गेलं.

आणि मग रोजच राहत गेलं. लाँड्रीतल्या बाया तिच्या पाठीवरून हात फिरवत, "धीराची गं बाई तू." तिचा नवरा शेजाऱ्यांना सांगे, माझ्या बायकोनं वहिनीला मरणाच्या दारातून ओढून आणलं. थोरलीची पोरगी संध्याकाळी अभ्यासाला तिच्याजवळ बसायची. एकदा तिनं नुसतं विचारलं, "काकी, तुझा मूड ऑफ आहे का?" तर धाकटी तिच्यावर अशी खेकसली, की पोर दप्तर उचलून बाहेरच्या खोलीत गेली. काकी कधी ओरडलेली तिला माहीत नव्हती.

थोरली अजून वॉर्डातच होती, तेव्हा चौकशीला हॉस्पिटलचे साहेब आले. सज्जन दिसत होते. थोरलीच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. धाकटी पायथ्याशी उभी होती.

"हात घालण्याआधी मशीन ऑफ आहे का, हे तुम्ही विचारलं होतं?"

थोरलीनं एकदा बँडेजकडे बघितलं. "नाही साहेब. मीच विचारलं नाही. घाई केली."

साहेब मान हलवत उठले. "स्वतःचा निष्काळजीपणा झाला म्हणायचा मग. वाईट वाटतं, पण काय करणार?"

ते जाताच धाकटी पुढं झाली. "ताई, तुम्ही विचारलं होतं."

"ठाऊक आहे."

"मला उद्याच्या सुट्टीचं वाटलं हो. आईची शपथ. तेच डोक्यात घोळत होतं..."

"तेही ठाऊक आहे. हसलीस ना तेव्हा. मशीन बंद केल्याचं कुणी हसून सांगतं का? ते माझ्या ध्यानात आलं, पण हात आत गेल्यावर."

धाकटीनं तिचा डावा हात धरायचा प्रयत्न केला. थोरलीनं तो काढून घेतला.

"रडू नकोस इथं. मी काही मोठ्या मनानं खोटं बोलले नाही. माझा तर हात गेला. तुझी नोकरीही गेली तर घर कसं चालायचं? म्हणून बोलले. राग यायचा तो येतोय मला. रात्री दुखतं तेव्हा तुझाच चेहरा दिसतो, तो हसलेला. जा आता. आणि उद्या डबा पोरीकडून पाठव, तू येऊ नकोस."

धाकटी घरी आली, भांडी घासली, पोरीची वेणी घातली. दुसऱ्या दिवशी डबा पोरीच्या हाती दिला आणि स्वतः साहेबांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली.

"त्यांनी विचारलं होतं साहेब. 'ऑफ का?' म्हणून. मी 'हो' म्हटलं."

"आणि मशीन चालू होती?"

"चालू होती."

"मग हो का म्हणालात?"

"मी माझ्या ऑफचं सांगितलं."

साहेब वैतागले. "अहो बाई, ऑफ म्हणजे काय ऑफ? नीट सांगा की."

तिनं नीट सांगितलं. सुट्टीचं, आईच्या डोळ्यांचं, हसल्याचंसुद्धा. एक शब्द गाळला नाही. हात अडवायला रुळापुढं जी दांडी असते, ती सारखी मशीन बंद पाडते म्हणून सगळ्यांनी मिळून चिंधीनं वर बांधून ठेवली होती, तेही सांगितलं.

"तुमच्या जाऊबाई तर म्हणाल्या, विचारलं नाही."

"मला वाचवायला म्हणाल्या. आता त्यांच्या नावावर ते निष्काळजीपणाचं नको. माझ्यावर लिहा."

सुपरवायझर बाईंना बोलणी बसली. चिंध्या सुटल्या. धाकटीची नोकरी गेली नाही, पण तिला मशीनवरून काढून भिंतीपलीकडे पाठवलं. वॉर्डांतून आलेले कपडे तिथं आधी निवडावे लागत. रक्ताचे, ओकारीचे, कशाकशाचे. दुर्गंधीनं नव्या बाया तिथं टिकत नसत. धाकटी टिकली. बाया आता तिच्या पाठीवरून हात फिरवेनाशा झाल्या, आणि भावोजी जेवताना तिच्याकडे न बघता "भाजी" एवढंच म्हणू लागले. थोरली घरी आल्यावर तिला म्हणाली, "नसता शहाणपणा केलास." त्यानंतर दोघींत कामापुरतंच बोलणं राहिलं. आंघोळीला पाणी काढलंय. गोळी घेतली का. दार लावून घे.

जखम भरल्यावर थोरली कामावर परतली. हलकं काम द्या, असं साहेबांनी लिहून दिलं होतं, म्हणून तिला तयार चादरींच्या घड्या घालायला बसवलं. एकटीनं मोठ्या चादरीची घडी घालणं धडधाकट माणसालाही अवघड. ती एक टोक टेबलावर टाकायची, त्यावर कोपर दाबायची, दुसरं टोक डाव्या हातानं आणायची, आणि तोवर पहिलं घसरायचं. कुणी मदतीला आलं, की म्हणायची, "जमतंय मला."

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाया अंगणात गेल्या होत्या. धाकटी भिंतीपलीकडून आली. तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि टेबलाशी येऊन घसरणारं टोक धरलं.

थोरलीनं वर पाहिलं. 'जमतंय' म्हणाली नाही.

दोघी मागं सरकल्या. चादर मधे ताणली गेली, पांढरी, अजून गरम. मग एकमेकींकडे चालत आल्या. थोरलीनं आपल्याकडचा एक कोपरा डाव्या हातात धरला होता, दुसरा उजव्या अंगठ्यानं छातीशी दाबला होता. धाकटीनं आपले कोपरे त्यांवर टेकवले, तेव्हा तिची बोटं त्या अंगठ्याला लागली. तिनं ती चटकन मागं घेतली.

"सोडू नकोस," थोरली म्हणाली. "कडा जुळव आधी."

धाकटीनं कडा जुळवल्या. थोरलीनं घडी ढिगावर ठेवली आणि पुढची चादर उचलून तिचं एक टोक तिच्यापुढं धरलं.