कंसातला आवाज

“ताई, हा आवाज कुठून आला?” कामकाजाची नोंद तपासणाऱ्या साहेबांनी कागदावर बोट ठेवून विचारलं.

ताई उभीच होती. सभागृहातली भाषणं शब्दशः टिपणारे ताईसारखे लघुलेखक आळीपाळीने आत जातात, अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसून थोडा वेळ लिहितात आणि बाहेर येऊन टंकतात. भाषणाची सुरुवात एकाच्या वाट्याला, शेवट दुसऱ्याच्या. अख्खं भाषण कुणालाच ऐकावं लागत नाही, आणि काही वक्त्यांच्या बाबतीत ही देवाची कृपाच. आज मात्र ताईने स्वतःची पाळी मुद्दाम बदलून घेतली होती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

फौजदारी कायद्यात बदल करणारं विधेयक होतं. त्यावर एका सदस्येने, सगळे त्यांना वकीलबाई म्हणत, एक सुधारणा मांडली होती. कोठडीतला माणूस आजारी पडला आणि त्याला दवाखान्यात हलवलं, तर त्याच दिवशी घरच्यांना कळवायचं. एवढंच.

ताईच्या धाकट्या भावाला नुसत्या संशयावरून धरून नेलं होतं. आत तो तापाने फणफणला, दवाखान्यात गेला, तिथेच वारला. घरी निरोप आला तो थेट प्रेत घेऊन जाण्याचा. त्याला पाणी पाजायला आपलं कुणी नव्हतं, हे आई अजून रोज एकदा तरी बोलते.

सकाळी ताई चपला घालत होती, तेव्हा आईने विचारलं होतं, “आज आपलं येणार ना गं?”

“आपलं नाही आई, सगळ्यांचं.”

“तेच ते.”

सभागृहात मंत्री उठले. सदस्यांच्या भावना समजतात म्हणाले, नियम करताना विचार करू म्हणाले, तेव्हा सुधारणा मागे घ्यावी म्हणाले. थोडक्यात, तोंडाला पानं पुसली. वकीलबाई जराशा घुटमळल्या. शेजारच्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग “आश्वासन मिळालंय, मी मागे घेते,” म्हणून त्या खाली बसल्या.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “सुधारणा मागे घ्यायला सभागृहाची अनुमती आहे?”

अशा वेळी एक जरी सदस्य ‘नाही’ म्हणाला, तरी सुधारणा मताला टाकावी लागते. पडली असतीच, पण निदान हात वर करून पाडावी लागली असती. कुणी बोललं नाही. कुणी चष्मा पुसला, कुणी छताकडे पाहिलं. आणि ताईला उजव्या कानाशी स्पष्ट ऐकू आलं, “नाही.”

तिचा हात लिहून मोकळा झाला. वळून पाहिलं तर तो निघून जाईल, असं वाटून तिने मान वर केली नाही. अध्यक्ष तोवर पुढच्या कलमाकडे गेले होते.

टंकलेल्या कागदावर ते कंसात उतरलं होतं: (एक आवाज: नाही). साहेबांनी ध्वनिमुद्रण लावलं. एक खुर्ची करकरली, कुणीतरी खोकलं, मग अध्यक्षांचा आवाज. मधे काही नाही. परत लावलं. परत काही नाही.

“मी ऐकलाय, साहेब.”

“कोण होतं?”

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसायला लावलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि मग हळू म्हणाले, “तुमच्या कागदावर मी आजवर कधी पेन टेकवलं नाही, ताई. आज मला ते करायला लावू नका.”

न बोललेला शब्द लिहायचा नाही आणि बोललेला गाळायचा नाही, यावर तिची उभी हयात गेली होती. आता लिहिलं तरी पाप आणि खोडलं तरी पाप.

“आणखी एकदा लावता?”

साहेबांनी लावलं. ताईने डोळे मिटले. खुर्ची करकरली, कुणीतरी खोकलं.

तिने स्वतःच्या हाताने कंस खोडला. दारात आलेल्या घरच्या माणसाला बाहेर लोटल्यासारखं तिला वाटलं. रडू फुटलं, आणि ते साहेबांसमोर फुटलं याचा रागही आला.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. “काय झालं?”

“मागे घेतली.”

“एवढी माणसं बसलेली, आणि एकाच्याही तोंडात जीभ नव्हती?”

खोटं बोलायची ताईला सवय नव्हती. खरं काय, हे तिचं तिलाही आता सांगता आलं नसतं.

“एकजण म्हणाला, नाही.”

“कोण?”

“दिसला नाही. आवाज तेवढा आला.”

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “कसा होता गं आवाज?”

“बसलेला. नाक चोंदल्यासारखा.”

“त्याला बारमाही सर्दीच असायची,” आई म्हणाली, आणि ताईच्या हातातली पिशवी घेऊन आत गेली.