निळ्या चौकड्यांचा शर्ट

वाटूरच्या आठवडी बाजारात भर उन्हात रामकिसन हमाल पडला, तेव्हा सायरबाई आपल्या कापडाच्या दुकानात एका गिऱ्हाइणीला मांजरपाट मोजून देत होत्या. पडला तोही समोरच, लिंबाच्या सावलीपासून चार पावलांवर. सायरबाईंनी मान वर करून पाहिलं. भोवती माणसं जमलेली. एवढे गडी आहेत, बघतील की, म्हणून त्यांनी पुन्हा मीटरपट्टी धरली. तीन मीटर फाडलं, घडी घातली. परत पाहिलं तर गर्दी दुप्पट, आणि माणूस तसाच उन्हात.

आता मात्र बाईंचं डोकं तापलं. गुडघे धरत पायऱ्या उतरल्या आणि विचारलं, गाडीला फोन कुणी केला? एक म्हणाला, केला असंल. मागच्यांना वाटलेलं पुढच्यांनी केला, पुढच्यांना वाटलेलं मागच्यांनी. एका शहाण्यानं तर सांगितलं की याच्या घरचे इथंच असतील कुठंतरी. हळहळत सगळेच होते.

नावं बाईंना कुणाची ठाऊक? पण चाळीस वर्षं कापड विकलेलं. माणूस विसरतील, कापड न्हाई.

"ए निळ्या चौकड्या," त्यांनी बोट रोखलं. "तूच. मागं काय बघतो? एकशे आठला फोन लाव. माझ्यासमोर लाव."

त्यानं लावला. मंग बोट फिरत गेलं. पिवळ्या टेरिकॉटनं आणि राखाडी सफारीनं उचलून सावलीत घ्यायचं, जांभळ्या इरकलीनं दुकानातला माठ आणायचा. एक जण बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायला निघाला, त्याला बाईंनी असा झापला की तांब्या तिथंच ठेवला. मागोमाग उतरलेल्या गिऱ्हाइणीच्या हातातलं मांजरपाट ओढून घेतलं, माठात बुडवलं, रामकिसनच्या अंगावर पसरलं. बोट दाखवल्यावर एकानंही नाही म्हटलं नाही.

गाडी आली. डॉक्टर म्हणे, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

दोन बाजार गेले आणि रामकिसन आपल्या पायांनी दुकानात आला, सोबत बायको बेबीनंदा. ती पाया पडायला वाकली तशी सायरबाईंनी पाय मागे घेतले.

"आधी ऐक. तुझा नवरा पडल्ता ते मी पाह्यलं होतं. पाहून तीन मीटर कापड फाडलं, घडी घातली, मंग उतरले."

हे त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. गल्ल्यावरची नात आयुषी दादीच्या तोंडाकडे बघतच राहिली.

बेबीनंदा खाली बघत होती. तशीच बोलली.

"मी बी बाजारातच होते, माय. गर्दी दिसली. वाटलं, असंल कुणीतरी, बघतील लोक. मिरच्या घेऊन राह्यले होते मी."

रामकिसननं हे आधी ऐकलेलं असावं. तो फक्त तिच्या थोडा जवळ सरकला.

सायरबाईंनी तिला हाताला धरून गादीवर बसवलं, आयुषीला चहा सांगायला पाठवलं. मंग तिच्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून निरखला.

"हिरवं, नारळी काठाचं. आता ध्यानात राहील. पुढच्या वेळी बोट तुझ्याकडंच."

"बोटाची वाट न्हाई बघायची मी आता," बेबीनंदा म्हणाली.

"मी बी न्हाई," सायरबाई म्हणाल्या, आणि चहाला उशीर का म्हणून आयुषीच्या नावानं ओरडल्या.