जहाजावरच्या सुताराचं पोर

लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेल्या मामांनी घरात सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती: आपला मूळपुरुष पोर्तुगालहून आलेला कप्तान. पुरावा काय, तर मामांचं नाक! शेवटी भाचीच वैतागली आणि त्यांना गाडीत घालून गावच्या जुन्या चर्चमध्ये घेऊन गेली.

तिथल्या म्हाताऱ्या फादरना पोर्तुगीज वाचता येत होतं. मागच्या खोलीतल्या कपाटातून त्यांनी बाप्तिस्म्याची पुस्तकं काढली. मामांच्या आजोबांच्या नोंदीत त्यांच्या बापाचं नाव होतं, त्या बापाच्या नोंदीत त्याच्या बापाचं. असं एकेक पिढी मागे सरकता सरकता दुपार टळली. पानं इतकी जीर्ण, की ती उलटताना फादर श्वास रोखून धरत. मामांची अखंड बडबडही हळूहळू थांबली.

"सापडला," फादर म्हणाले. "हा बघा, पोर्तुगालहून आलेला. जहाजावर सुतार होता."

"मामा, गेली की हो कप्तानकी!" भाची हसली.

"मग? कप्तान काय पोहत आला असता? जहाज तरंगतं ठेवायला सुतारच लागतो," मामांनी लगेच बाजू सावरली.

फादर मात्र हसले नाहीत. तीच ओळ ते पुन्हा वाचत होते. "ही नोंद त्याच्या मुलाची आहे. बाप्तिस्मा चर्चमध्ये झालेला नाही. लिहिलंय, सुईणीनं घरीच घाईघाईनं डोक्यावर पाणी घालून तो उरकला, कारण मूल वाचण्याची आशा नव्हती."

फादरनी मृत्यूंचं पुस्तक उघडलं. तारीख तीच होती, पण नाव मुलाचं नव्हतं. त्याच्या आईचं होतं.

"आणि पोर?" मामांनी विचारलं, जणू ते शेजारच्या खोलीतच तडफडत होतं.

लग्नांच्या पुस्तकात फादरचं बोट बराच वेळ फिरत राहिलं. मग थांबलं. "जगला. लग्न झालं त्याचं. बापासारखाच सुतार. सही येत नव्हती, म्हणून इथे क्रूस काढलाय."

मामा खुर्ची ओढून पुस्तकासमोर बसले. तो क्रूस जाडजूड, जरासा तिरका होता. टाक इतका दाबलेला, की कागदात खळगा पडला होता. आजोबा, वडील, आपण, आपल्या मुली, ही समोर उभी असलेली भाची, सगळे त्या इवल्याशा श्वासाला लटकून होते. लिफ्टच्या तारा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. एवढा भार एवढ्या बारीक धाग्यानं पेललेला कधी पाहिला नव्हता.

"सुईणीचं नाव काय?"

"लिहिलेलं नाही. नुसतं सुईण."

मामांनी मान हलवली. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "फादर, ती बाप्तिस्म्याची नोंद एकदा त्यांच्याच भाषेत वाचा ना."

फादर सावकाश वाचू लागले. मामांना त्यातलं फक्त स्वतःचं आडनाव कळलं. ते कानावर पडताच ते उठून उभे राहिले, आणि शेजारी भाचीही.